मेंबरशिप घ्यावी की भेटीगणिक पैसे द्यावेत? तीन शूटिंग रेंजचा हिशेब

वहीवाला

एअर रायफल हातात धरून सहा महिने झाले. जवळपास तीन रेंज आहेत, तिन्हीकडे आलटून पालटून जातो, त्यामुळे पुढचा हिशेब ऐकीव नाही. दर जागोजागी वेगळे असतात, म्हणून आकडे पैशांत देत नाही. एका तासाच्या भेटीची जी फी असेल तिला 'एक भेट' म्हणू आणि तेच नाणं धरू. (माझ्याकडे तिन्ही ठिकाणी ती जवळपास सारखीच आहे.)

काचेची रेंज: इलेक्ट्रॉनिक टार्गेट, एसी, चकचकीत लॉकर. प्रवेश फी १५ भेटी, ती परत मिळत नाही. वार्षिक वर्गणी ६० भेटी.

जिन्याखालची रेंज: कागदी टार्गेट, दोरी ओढून पुढेमागे न्यायची. प्रवेश फी नाही. वर्षाला २४ भेटी.

तिसरीकडे मेंबरशिप हा प्रकारच नाही. १० भेटींचा पास ८ भेटींच्या पैशांत, मुदत तीन महिने.

आता माझी वही. ठरवलं होतं आठवड्याला तीनदा जायचं. २६ आठवड्यांत ७८ भेटी व्हायला हव्या होत्या, झाल्या ३१. म्हणजे वर्षाला ६२. काचेच्या रेंजचं मेंबर व्हायचं तर पहिल्या वर्षी ७५ मोजायच्या आणि ६२ वापरायच्या. त्याच ६२ भेटी पासवर काढल्या तर ४९.६ मध्ये होतात.

हा आळस माझ्या एकट्याचा नाही. डेलाविन्या आणि मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांचा जिम मेंबरशिपवरचा अमेरिकेतला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. मासिक वर्गणी भरणाऱ्यांना एक भेट सरासरी १७ डॉलरच्या वर पडत होती, आणि त्याच जिममध्ये दहा भेटींचा पास घेतला असता तर १० डॉलरला पडली असती. लोक वर्गणी भरतात ती पुढच्या महिन्यात जो नियमित माणूस आपण होणार असतो, त्याच्या नावाने.

माझं मत: पहिलं वर्षभर कुठल्याच रेंजची मेंबरशिप घेऊ नये. हाणा.

चौथी लेन

हाणतो. हिशेब बरोबर आहे, पण तो तासांचा आहे. नेमबाजी तासांवर मोजायची नसते.

तुमच्या एका तासाच्या भेटीत खरी नेमबाजी किती होते ते सांगा. जॅकेट, पँट, बूट चढवून, स्टँड लावून, पाय जागेवर ठेवेपर्यंत दहा मिनिटं जातात. शेवटची पाच-सात मिनिटं आवरायला, कारण पुढचा माणूस मागे उभा असतो. मधे बंदुकीचा हवेचा सिलिंडर भरायला जावं लागलं तर आणखी तीन. उरली चाळीस मिनिटं. स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० गोळ्यांना ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे गोळीला सव्वा मिनिट. त्या लयीत तुमच्या चाळीस मिनिटांत बत्तीस गोळ्या बसतात, त्यातल्या पहिल्या दहा अंग स्थिरावण्यातच जातात.

माझी मेंबरशिप आहे. रायफल आणि जॅकेट लॉकरला. मला लेन दोन तास मिळते, आणि नको वाटलं तर वीस मिनिटांत उठून घरी जाता येतं. 'पैसे भरलेत तर तास वसूल करू' म्हणून थकल्या हाताने गोळ्या मारणं हा सगळ्यात महाग सराव. वाईट सवय लागते आणि ती काढायला कोचला वेगळे पैसे द्यावे लागतात. भेटीगणिक पैसे देणारा माणूस हेच करतो. मी तीन वर्षं केलंय.

जिमचा अभ्यास इथे लावू नका. ट्रेडमिल कुठलीही असली तरी पाय तेच. लेन बदलली की उजेड बदलतो, टार्गेटच्या मागची पार्श्वभूमी बदलते. तुम्ही तीन ठिकाणी ३१ भेटी दिल्या, म्हणजे एकाही ठिकाणी धड पंधरा नाहीत.

वहीवाला

@चौथी लेन, बत्तीस गोळ्यांचं खरं आहे. वही पाहिली. सरासरी ३४. हे मी फीच्या रकान्याशेजारी लिहायला हवं होतं.

पण 'वसूल करायचं' हे मेंबरलाही चुकत नाही हो. माझ्या शेजारच्या लेनवर एक गृहस्थ मार्च महिना आला की रोज येतात, कारण वर्गणी संपत आलेली असते. एप्रिलमध्ये गायब.

ज्युनिअरचे बाबा

मी स्वतः शूटर नाही. मुलगी एअर पिस्तूल खेळते, मी बाकावर बसून पावत्या सांभाळतो. तेव्हा पावत्यांबद्दल बोलतो.

वर्गणी हा सगळ्यात प्रामाणिक आकडा असतो, कारण तो फलकावर लिहिलेला असतो. न लिहिलेले हे: रेंजचं पिस्तूल वापरलं तर भाडं. सिलिंडर भरण्याचे वेगळे. पेलेट (एअरगनच्या गोळ्या) बाहेरून आणायच्या नाहीत, काउंटरवरच घ्यायच्या. ५०० चा डबा ७५ गोळ्यांच्या सरावाला (साठ अधिक सुरुवातीच्या पंधरा) सहा-सात वेळा पुरतो. तोच डबा बाहेर घेतला तर किती आणि काउंटरवर किती, हा फरक वर्षाच्या डब्यांनी गुणून पाहा. आमच्या आधीच्या रेंजवर हा फरक वर्गणीच्या निम्म्याला पोचला होता. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

दुसरं, कोच. 'कोचिंगसह मेंबरशिप' म्हणजे काय, हे पहिल्याच दिवशी विचारा. आमच्याकडे त्याचा अर्थ निघाला, एक कोच आणि अकरा लेन. तो मुलीच्या मागे दिवसातून दोनदा थांबायचा, तेही 'श्वास' एवढंच म्हणायला. नंतर दुसरीकडे तासाचे पैसे देऊन एक बाई मिळाल्या. त्यांनी तीन आठवडे गोळीच भरू दिली नाही, नुसतं ड्राय फायर, तेही कोऱ्या भिंतीवर. पैसे कशाचे देतोय असं मला वाटत होतं. चौथ्या आठवड्यात मुलीचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पसारा, निम्म्यावर आला. कोरी भिंत घरीही आहे, म्हणून आता ती चार दिवस घरी आणि दोनच दिवस रेंजवर. मेंबरशिप घेतलेली नाही, पास आहे. वहीवाल्यांना माझं मत.

कोरी पाटी

थांबा, घरी ड्राय फायर चालतं? रायफल खराब नाही होत?

चौथी लेन

मॅच रायफल-पिस्तुलात ड्राय फायरची वेगळी सोय असते. ट्रिगर सुटतो, हवा सुटत नाही. साध्या स्प्रिंगच्या एअरगनवर मात्र हा प्रयोग करू नका, पिस्टन आपटतो. आणि गोळी नाही ना, हे दर वेळी बघून, सुरक्षित दिशेलाच.

बाबा, घरची भिंत मेंबरशिपच्या विरोधातला पुरावा कसा काय? मुलगी घरी चार दिवस सराव करते कारण पिस्तूल तुमचं आहे. भाड्याच्या पिस्तुलावर आलेल्या नवख्याला हे सांगून काय उपयोग?

परवानाधारक

सगळे दहा मीटरच्या एअरगनवरच बोलताय. पॉइंट टू-टूकडे, म्हणजे काडतुसाच्या बंदुकीकडे या, तिथे गणित उलटं होतं. काडतूस एकदाच वापरायचं. गंभीर सराव करणाऱ्याचा वर्षाचा दारूगोळ्याचा खर्च वर्गणीला कधीच मागे टाकतो. तिथे मेंबरशिपची खरी किंमत म्हणजे क्लबच्या दरात काडतुसं मिळणं आणि एकाच लॉटची (कारखान्यात एकाच वेळी बनलेली) मिळणं. एका लॉटवर ग्रुप घट्ट येतो, दुसऱ्यावर सैल. बंदूक तीच, माणूस तोच.

शिवाय परवान्याच्या शस्त्रांत अनेक देशांत मेंबरशिप ऐच्छिक राहतच नाही. जर्मनीत स्पोर्ट शूटर म्हणून शस्त्र घ्यायचं तर संघटनेशी जोडलेल्या क्लबमध्ये किमान १२ महिने नियमित सराव दाखवावा लागतो. ब्रिटनमध्ये गृहखात्याने मान्यता दिलेल्या रायफल क्लबात पूर्ण सदस्य होण्याआधी साधारणपणे किमान तीन महिने उमेदवारी करावी लागते. तिथे पास-बीस काही चालत नाही. हजेरीची नोंद हीच वस्तू, आणि ती क्लबच देतो. तेव्हा 'पहिलं वर्ष मेंबरशिप घेऊ नका' हा सल्ला सरसकट देऊ नका. कोणी मनावर घेतला तर त्याचं एक वर्ष फुकट जाईल.

वहीवाला

मान्य. धाग्यात 'एअर' हा शब्द ठळक लिहायला हवा होता.

दोरीवाला

जिन्याखालच्या रेंजची बाजू कोणी घेईना, मीच घेतो. २४ भेटींत वर्ष! वहीवाल्यांच्या ६२ भेटींनी ते कधीच वसूल होतं, पासच्याही निम्म्यात. तरी मूळ लेखात एक ओळ लिहून पुढे गेलात. का, तर स्क्रीन नाही.

मी कागदावर शिकलो. गोळी मारली की दोरी ओढायची, कार्ड हातात घ्यायचं, भोक बघायचं. आधी स्वतःशी बोलायचं, 'दोन वाजता, नऊ' (घड्याळातल्या दोनच्या दिशेला, नऊ गुण), आणि मग कार्ड बघायचं. हे जुळायला लागलं की समजायचं, ट्रिगर सुटताना डोळा उघडा होता. स्क्रीनवाल्याला आकडा आयता दिसतो, तो बोलतच नाही.

चौथी लेन

दोरीची वीस सेकंद धरा. साठ कार्डं म्हणजे वीस मिनिटं दोरीला. तुमचा स्वस्त तास चाळीस मिनिटांचा झाला.

आणि दशांश? रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, एकेक रिंग अडीच मिलिमीटरची. म्हणजे ०.१ गुण पाव मिलिमीटरला. रायफलची पात्रता फेरी २०१३ पासून दशांशात मोजतात, साठ गोळ्यांना जास्तीत जास्त ६५४. कागदावर हे नजरेने कसं सांगणार? बीजिंग २००८ आठवा. शेवटच्या गोळीआधी बिंद्रा आणि फिनलंडचा हेक्किनेन बरोबरीत. बिंद्राची गोळी १०.८, त्याची ९.७. मधलं अंतर पावणेतीन मिलिमीटर, आणि हेक्किनेन थेट तिसरा. याची तयारी 'दोन वाजता, नऊ' म्हणत करणार?

दोरीवाला

बिंद्राची तयारी करणारे इथे किती जण आहेत, हात वर करा. वहीवाल्यांना अजून तीन रेंजमधली एक ठरत नाहीये.

खिडकीशेजारी

भांडणात एक गोष्ट राहतेय: हवा. पेलेटमधली नव्हे, खोलीतली.

मी बंदिस्त फायरआर्म रेंजवर वर्षभर गेले. स्वस्त होती. का स्वस्त, ते नंतर कळलं: एक्झॉस्ट पंखा तासाच्या शेवटी दहा मिनिटं लावायचे. काडतुसाच्या प्रायमरमध्ये (ठिणगी पाडणाऱ्या भागात) शिशाचं संयुग असतं, गोळी शिशाची, आणि उडालेला धूर शूटरच्या तोंडासमोर. नियम साधा आहे: हवा शूटरच्या पाठीकडून यायला हवी आणि टार्गेटकडे जायला हवी. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था फायरिंग लाइनवर मिनिटाला ७५ फूट वेग सुचवते. यंत्र नको, शिवणाची हलकी फीत हातात धरून लेनवर उभं राहा. ती टार्गेटकडे झुकली तर ठीक. लोंबत राहिली किंवा तुमच्याकडे आली तर वर्गणी कितीही कमी असो, तिथून निघा.

झाडू मारताना दिसला तरी निघा. शिशाची धूळ कोरड्या झाडूने उडवायची नसते, ओल्या फडक्याने किंवा त्यासाठीच्या व्हॅक्युमने काढायची. एअर रायफलला प्रायमर नसतो, तिथे धोका बराच कमी. तरी शिशाची पेलेट बोटांनी भरता ना? हात साबणाने, गार पाण्याने धुवा, मग चहा. जिन्याखालच्या रेंजवर बेसिन आहे का, दोरीवाले?

दोरीवाला

आहे. नळाला पाणी सकाळी असतं.

ज्युनिअरचे बाबा

@खिडकीशेजारी, फीत पर्समध्ये ठेवायची कल्पना आवडली. त्यात भर: भाड्याच्या बंदुकीच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. बरेच उत्पादक १० वर्षांची मुदत देतात. २०० बार दाबाची हवा गालाजवळ असते. आमच्या एका रेंजवर तारखेवर स्टिकर चिकटवलेला होता. नखाने काढला, परत चिकटवला, आणि मुलीला घेऊन घरी आलो.

वहीवाला

बरं, वहीत रकाने वाढले. फीच्या शेजारी 'खरी मिनिटं', 'पेलेटचा फरक', 'फीत', 'बेसिन', 'तारीख'. काल तिन्हीकडे परत जाऊन आलो.

काचेच्या रेंजवर विचारलं, दुपारची मेंबरशिप आहे का? अकरा ते चार लेन रिकाम्या दिसतात. काउंटरवरच्या मुलीने आधी नाही म्हटलं, मग आत जाऊन आली आणि म्हणाली, ३० भेटींत देऊ, प्रवेश फी अर्धी. फलकावर हे कुठेच नाही. पहिल्या वर्षी साडेसदतीस होतात. मला आठवड्यातून एक दुपार रिकामी असते, दुसरी काढता येईल. एकच दुपार जमली तरी ५२ होतात, म्हणजे पासपेक्षा चार भेटी स्वस्त. मूळ मत मी बदलत नाही, पण सही करायला चाललोय. चौथी लेन, हसू नका.

चौथी लेन

हसत नाहीये. 'दुसरी काढता येईल' एवढं वहीत लिहून ठेवा.

डावखुरा

सगळा धागा वाचला. तुमच्या तिन्ही प्रकारच्या रेंज आमच्याकडेही आहेत. पैकी डावखुऱ्यांची रायफल एकाच ठिकाणी, काचेच्या. दोन महिन्यांपासून दुरुस्तीला गेली आहे. मी त्यांचा मेंबर आहे.