बी.ई. झाल्याबरोबर मॅन्युफॅक्चरिंगचं एम.टेक.? आधी शॉपफ्लोअर बघा

शिरोली_ओतकाम:
दरवर्षी मेकॅनिकलची पोरं विचारतात, "गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) निघालीय, मॅन्युफॅक्चरिंगला एम.टेक. करू की नोकरी धरू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी दोन वर्षं कारखान्यात, शॉपफ्लोअरवर म्हणजे प्रत्यक्ष मशीनजवळ काढा, मग खुशाल करा.

कारण सांगतो. एम.टेक. झालेल्या उमेदवारांच्या मुलाखती घेतो, तेव्हा बहुतेकांचा प्रबंध एकाच साच्यातला निघतो. लेथवर स्पीड (जॉब फिरण्याचा वेग), फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग) आणि डेप्थ ऑफ कट (कापाची खोली), प्रत्येकाच्या तीन पातळ्या, टागुचीचा एल-९ तक्ता म्हणजे थोड्या प्रयोगांत भागवायची तयार यादी, नऊ प्रयोग आणि शेवटी सरफेस फिनिशचा, म्हणजे पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणाचा आलेख. सगळ्या जोड्या तपासायच्या तर २७ प्रयोग लागतात. नऊमध्ये भागवलं की स्पीड आणि फीड मिळून काय घडवतात ते वेगळं काढता येत नाही. हे विचारलं की पोरं गप्प बसतात. त्यातून त्या स्पीड-फीडच्या मर्यादा इन्सर्टच्या (हत्याराच्या बदलत्या कापणाऱ्या टोकाच्या) कॅटलॉगमध्ये छापलेल्याच असतात! पावसाळ्यात कास्टिंगला ब्लोहोल (वायूमुळे पडणारी पोकळ भोकं) का वाढतात विचारा, साच्याच्या वाळूतल्या ओलाव्यापर्यंत फार थोडे पोचतात.

वाळूज_प्लॅनिंग:
साहेब, राग रास्त आहे, पण तो प्रबंधाच्या गाइडवर काढा. त्यासाठी शिक्षण कशाला मागे ढकलायचं?

शॉपफ्लोअरवर वर्षानुवर्षं राहूनही न दिसणारी एक गोष्ट सांगतो. मी आधी होतो त्या कारखान्यात सगळं काम ग्राइंडिंगवर अडायचं. मॅनेजरचा हट्ट असा की मशीन क्षणभरही उभं राहायला नको. लोडिंग, म्हणजे मशीन कामात गुंतलेलं असण्याचा वेळ, ९५ टक्क्यांवर नेलं आणि डिलिव्हरीच्या तारखा कोसळल्या. जॉब कधी येणार आणि किती वेळ खाणार, दोन्ही बेभरवशाचं असेल, तर रांगेच्या सगळ्यात साध्या गणितानुसार ८० टक्के लोडिंगला जॉब सरासरी आपल्या मशीनिंगच्या चौपट वेळ नुसता थांबतो. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ टक्क्यांना एकोणीसपट! गणितज्ञ किंगमन यांच्या रांगेबद्दलच्या १९६१ च्या सूत्रातून पुढचंही कळतं: चढउतार आटोक्यात आणले, तर लोडिंग तेवढंच ठेवूनही रांग घटते. डोळ्यांना मात्र उभं मशीन दिसतं आणि पैसे वाया जातायत असंच वाटतं. हे गणित मला एम.टेक.च्या वर्गात भेटलं. आधी दहा वर्षं राबलो असतो तर मीही त्या मॅनेजरसारखाच वागलो असतो.

पवई_ते_भिवंडी:
"आधी दोन वर्षं कारखान्यात काढा" हे मुलींना कोण काढू देतं, तेही सांगा. फॅक्टरीज अ‍ॅक्ट १९४८ च्या कलम ६६ नुसार बाईला संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कारखान्यात कामावर ठेवता येत नसे. पुढे राज्यात अटींसह मोकळीक मिळाली, तरी माझ्या कॅम्पसला आलेल्या एका कंपनीने तीन शिफ्टच्या ट्रेनी जागा सरळ मुलांना दिल्या. मी आयआयटी मुंबईतून इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्च केलं. आज गोदामांचं नियोजन करते, रोज फ्लोअरवर असते. माझ्यासाठी तरी आधी डिग्री आली, मग दार उघडलं.

शिरोली_ओतकाम:
ताई, तुमचा मुद्दा मान्य. माझा सल्ला सगळ्यांना सारखा लागू पडत नाही.

वाळूजकर, गणित मला पटलं. पण घरच्या परिस्थितीचं काय? गेटवाल्याला महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. घर त्याच्यावर अवलंबून असेल तर दोन वर्षं ओढाताण होते, आणि नंतर कितीतरी कारखाने त्याला बी.ई.च्याच पगारावर बसवतात.

मुलुंडकर_६३:
कारखानदारांनाच या विषयाची किंमत नाही, हे खरं दुखणं. १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने मुंबईत विहार तलावाजवळ नीटी (NITIE) ही संस्था उभी राहिली, ती इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग शिकवायला. २०२३ मध्ये तिचं आयआयएम मुंबई झालं. विषय आत शिकवत असतील, पण पाटीवरून तो गेला याचं मला मनापासून वाईट वाटतं. टाइम स्टडी (कामाला लागणाऱ्या वेळेचं मोजमाप), लेआउट (मशीनची मांडणी), पद्धतींचा अभ्यास यांना स्वतःचं घर हवं होतं.

वाळूज_प्लॅनिंग:
पगाराचं खरं आहे. पण लेथवरचे ते नऊ प्रयोग का होतात, माहितीय? विद्यार्थी कारखान्यात गेला की फाटकावरूनच परत पाठवतात, डेटा कोणी देत नाही. मग उरतं कॉलेजचं वर्कशॉप. साहेब, तुमच्या फाउंड्रीतला हीटवार (भट्टीतल्या धातूच्या प्रत्येक घाण्यानुसार) रिजेक्शनचा डेटा, वाळूच्या रोजच्या टेस्टसकट, एखाद्या विद्यार्थ्याला द्याल?

शिरोली_ओतकाम:
मालकांशी बोलतो. गिऱ्हाइकाचं नाव आणि पार्ट नंबर झाकून द्यायला माझी हरकत नाही. पण त्याने पहिला महिनाभर सँड प्लांटवर, म्हणजे साच्याची वाळू तयार होते तिथे, सकाळच्या शिफ्टला उभं राहायचं. एवढी अट मी सोडणार नाही.