भाड्यात इंटरनेट धरून भाडे वाढवावे का?

वास्तुपुरुष (धागाकर्ता)

एकाच इमारतीतील चार लहान घरे मी भाड्याने देतो. अलीकडे घर पाहायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण पाण्याची वेळ विचारण्याआधी इंटरनेटची चौकशी करतो आणि जोडणी मिळायला आठवडा-दोन आठवडे लागतील असे कळले की त्याचा उत्साह मावळतो. त्यामुळे चारही घरांसाठी जोडणी मीच घ्यावी, बिल मीच भरावे आणि नव्या करारात त्या मानाने भाडे वाढवून मांडावे, असा विचार चालू आहे.

हिशेब सोपा व्हावा म्हणून आजचे मासिक भाडे १०० धरू. एक मोठी जोडणी घेऊन ती चौघांत वाटली, तर मला घरटी ४ खर्च येतो. भाडेकरूने स्वतः जोडणी घेतली, तर त्याला ७ पडतात. मी भाडे ६ ने वाढवले, तर त्याचा १ वाचतो आणि मला २ मिळतात. शिवाय राहायला आल्या दिवसापासून त्याचे काम सुरू होते. यात अन्याय कोठे आहे, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे. मात्र ‘घरमालक तेवढे लुटारू’ या चालीवरचे प्रतिसाद टाळावेत, ही विनंती.

उंबरठा

लुटारू म्हणत नाही, परंतु आपला हिशेब फक्त पहिल्या वर्षापुरता खरा आहे. वाढवलेले ६ एकदा भाड्यात मिसळले की त्यांची वेगळी ओळख उरत नाही. करारात दरवर्षी ५ टक्के वाढ असेल, तर ती या ६ वरही लागू होते आणि पाच वाढींनंतर त्यांचे साडेसातहून अधिक होतात, म्हणजे आज स्वतःच्या जोडणीला पडतात त्याहून जास्त. अनामत रक्कम भाड्याच्या पटीत आणि दलालीही भाड्यावर मोजली जात असेल, तर इंटरनेटवर अनामत आणि इंटरनेटवर दलाली असा चमत्कार घडतो. बाहेर उद्या दुसऱ्या कंपनीने स्वस्त योजना आणली, तरी माझे हात बांधलेले राहतात.

दुसरे असे की मी घरून काम करतो. मागील एका घरी ‘इंटरनेटसह’ असे सांगून मालकांनी खालच्या मजल्यावरच्या त्यांच्या राउटरचा पासवर्ड दिला होता. माझ्या खोलीत सिग्नल दाराजवळ उभे राहिल्यावर येई. तक्रार केली की उत्तर ठरलेले असे: ‘आमच्याकडे तर व्यवस्थित चालते.’ शेवटी मी स्वतःची जोडणी घेतली आणि वर्षभर दोन्हींचे पैसे भरले.

तारजोडणी

उंबरठा यांच्या अनुभवाचे कारण साधे आहे. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातला सिग्नल भिंतींमधून बऱ्यापैकी पार होतो, परंतु त्यात एकमेकांवर न येणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन असल्याने शेजारपाजारच्या राउटरांची त्यात गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झवर वेग चांगला मिळतो, पण एक-दोन जाड भिंती आड आल्या की तो क्षीण होतो. म्हणून एका राउटरवर चार घरे चालवणे म्हणजे एका दिव्यावर चार खोल्यांत अभ्यास करण्यासारखे आहे. प्रत्येक घरापर्यंत केबल टाकावी (तांब्याच्या नेटवर्क केबलला १०० मीटरपर्यंत अडचण येत नाही) आणि प्रत्येक घरात स्वतंत्र राउटर व स्वतंत्र पासवर्ड द्यावा. घरांची नेटवर्कही एकमेकांपासून अलग करावीत, अन्यथा एका घरातला प्रिंटर दुसऱ्या घरातल्या संगणकावर दिसू लागतो. कोणा एकाला सगळा वेग ओढता येऊ नये म्हणून घरटी मर्यादाही घालावी लागते. अपलोडचा वेग किती आहे, हेही विचारून घ्या, कारण दृक्‌श्राव्य बैठकांची अडचण बहुधा तेथेच होते.

हे सगळे केल्यावर ४ चा खर्च ४ राहत नाही. आणि घरगुती योजनांच्या अटींत जोडणी दुसऱ्या कुटुंबांना वाटून देण्यास बहुधा मनाई असते, तेव्हा आपली मोठी जोडणी व्यावसायिक योजनेतली असावी लागेल. त्या योजनेचा दर पाहूनच ४ हा आकडा धरला आहे ना?

वास्तुपुरुष

प्रामाणिकपणे सांगतो, दर घरगुती योजनेचाच होता. तारजोडणी यांचे आभार.

उंबरठा यांचा वार्षिक वाढीचा मुद्दा मान्य आहे, पण तो सोडवण्याजोगा आहे. इंटरनेटची रक्कम करारात वेगळी दाखवता येईल. मात्र मग ते भाडे न राहता शुल्क होते आणि घर पाहायला येणाऱ्याला ‘वर आणखी इतके’ असे सांगावे लागते. एकच आकडा सांगण्यात जी सोय आहे, ती जाते.

जमाखर्च

सोय कोणाची, हाच तर प्रश्न आहे. परंतु मी वेगळ्या बाजूने येतो. भाडे वाढवण्याचा नाद सोडा, इंटरनेट मात्र द्या. घर एक महिना रिकामे राहिले की वर्षाच्या भाड्यातील ८ टक्क्यांहून अधिक जाते. आपला खर्च खरोखर ४ असेल, तर दोन वर्षांत तो ९६ होतो, म्हणजे एका महिन्याच्या भाड्याहूनही कमी. सोयीमुळे दोन वर्षांत एक रिकामा महिना जरी वाचला, तरी पैसे वसूल होतात आणि भाडेकरूच्या कपाळावर आठीही येत नाही. भाडेकरू एकदा रुळला की सहसा हलत नाही, हा माझा अनुभव आहे. आपण २ मिळवण्याच्या मागे लागून १०० घालवण्याची वाट मोकळी करत आहात.

नियमावली

हा वाद केवळ आपल्या चार घरांचा नाही. जर्मनीत इमारतीच्या सामायिक केबल टीव्हीचे शुल्क, भाडेकरू टीव्ही पाहो वा न पाहो, त्याच्या इतर खर्चांत धरण्याची मुभा होती. ती १ जुलै २०२४ पासून बंद झाली. अमेरिकेत असे सरसकट शुल्क नाकारण्याचा हक्क भाडेकरूला द्यावा, असा प्रस्ताव फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या तेथील दूरसंचार नियामक संस्थेच्या तत्कालीन अध्यक्षांनी २०२४ मध्ये पुढे आणला होता, परंतु जानेवारी २०२५ मध्ये नव्या अध्यक्षांनी तो गुंडाळला. घाऊक खरेदीमुळे रहिवाशांना इंटरनेट स्वस्त मिळते, हा तो गुंडाळण्यामागचा युक्तिवाद होता. म्हणजे वास्तुपुरुष आणि उंबरठा यांचेच भांडण तेथेही चालू आहे.

एक गोष्ट मात्र कोणी काढली नाही. जोडणी आपल्या नावावर असेल, तर त्यावरून झालेल्या गैरकृत्याची चौकशी प्रथम आपल्या दारी येईल, कारण आयपी पत्त्यावरून (जोडणीला इंटरनेटवर मिळणाऱ्या क्रमांकावरून) खातेदार सापडतो, प्रत्यक्ष वापरणारा नाही.

उंबरठा

आणि याच कारणाने मालक नोंदी ठेवू लागतील! राउटर ज्याच्या ताब्यात असतो, त्याला मी घरी केव्हा आलो, किती उपकरणे जोडली आणि बहुतेक वेळा कोणती संकेतस्थळे उघडली, हे कळू शकते. पानावरचा मजकूर दिसत नसला, तरी एवढे पुरेसे आहे. किल्लीची दुसरी प्रत मालकाकडे असते, ती तो न विचारता वापरत नाही, या विश्वासावर आपण राहतो. येथे मात्र दार उघडल्याचे कळतही नाही.

वास्तुपुरुष

चोरून पाहण्याची मला हौस नाही, पण ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ एवढे उत्तर पुरेसे नाही, हेही समजते. प्रत्येक घराला भाडेकरूच्याच नावावर स्वतंत्र जोडणी आणि मी फक्त तारा व राउटर बसवून द्यायचे, असे केले, तर चौकशीचा आणि नोंदींचा दोन्ही प्रश्न सुटतो. मग स्वस्त पडण्याचा माझा मूळ मुद्दाच जातो, हेही खरे. तरीही एक जोडणी घ्यायचीच ठरवली, तर उंबरठा, आपण कोणत्या अटींवर राहायला याल?

उंबरठा

इंटरनेटची रक्कम करारात वेगळ्या ओळीत असावी आणि तिच्यावर वार्षिक वाढ, अनामत व दलाली लागू नये. माझ्या घरात मिळणारा किमान वेग लिहिलेला असावा आणि जोडणी सलग दोन दिवस बंद राहिली, तर त्या दिवसांचे पैसे वजा व्हावेत. राउटरचा पासवर्ड माझ्याकडे असावा. एक महिन्याची सूचना देऊन मला ही ओळ करारातून काढता यावी. एवढे लिहून देत असाल तर येतो, पण ६ देऊन नव्हे, ५ देऊन.