'मार्केट टाउन' म्हणजे कसबा की पेठ?
(भाषांतरातल्या शब्दांवरची चर्चा; ओळीच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचं टोपणनाव.)

तळटीप: इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या गावावरच्या मजकुरात 'मार्केट टाउन'ला 'बाजारपेठेचं गाव' लिहिलं होतं, संपादकांनी 'कसबा' केलं. पटत नाही. ११९६ साली राजा पहिल्या रिचर्डने वूस्टरच्या बिशपला तिथे आठवडी बाजाराची सनद दिली. नुसता बाजार भरतो म्हणून नव्हे, सनद आहे म्हणून मार्केट टाउन. १३व्या शतकातला इंग्रज कायदेपंडित ब्रॅक्टन, त्याच्या नियमाने तर ६ पूर्णांक २/३ मैलांच्या आत दुसरा बाजार उभा राहिला की तक्रार करता येई. हे 'कसब्या'त कुठे येतं?

मोडीवाला: थोडं येतं. जुन्या दप्तरात मौजे (साधी गावं) वेगळे, कसबे (बाजाराची मोठी गावं) वेगळे. पण इथे 'पेठ'च हवी. जुनं गाव दक्षिणेला, होली ट्रिनिटी चर्चपाशी. बिशपने त्याच्या उत्तरेला रस्ते आखून नवी वस्ती बसवली. रहिवाशांना जकात माफ, प्लॉटमागे वर्षाला १ शिलिंग. आपल्याकडे कौल (सवलतींचं लेखी आश्वासन) देऊन पेठ वसवायचे ती हीच तऱ्हा.

रानजाई: पेठ हा शहराचा तुकडा. शुक्रवार पेठेला टाउन म्हणाल?

मोडीवाला: आणि पेठ वडगाव? कागदोपत्री वडगाव कसबा! घ्या, दोन्ही शब्द एकाच गावाला.

शुद्धमती: कसबा अरबी, बाजार फारसी. 'हाट' असताना ही उसनवारी कशाला? हाटगाव म्हणा.

खडूस: हाट संध्याकाळी उठतो, टाउन उठत नाही. इंग्रजांकडे 'चिपिंग' होतंच की : चिपिंग नॉर्टन, चिपिंग कॅम्डन. जुन्या इंग्रजीत अर्थ बाजार. लंडनचं चीपसाइड आणि स्वस्त या अर्थाचं 'चीप' त्याच मुळाचे.

रानजाई: मग चिपळूण पण?

खडूस: नाही. ध्वनी जुळला की व्युत्पत्ती जुळत नाही.

साखळीआणे: त्याच मजकुरात 'बर्गेज'ला, म्हणजे बिशपने आखून दिलेल्या त्या प्लॉटला, 'गाळा' केलंय, ते चूक. एक बर्गेज ३.५ पर्च रुंद, १२ पर्च लांब. पर्च म्हणजे १६.५ फूट, म्हणून ५७ फूट ९ इंच गुणिले १९८ फूट. आपल्या जमीन मोजायच्या ३३ फुटी शंकूसाखळीने (साखळीचे १६ आणे) १ साखळी १२ आणे आणि ६ साखळ्या, बरोबर १०.५ गुंठे. रस्त्याला तोंड कमी आणि मागे खोली जास्त, म्हणजे एका रस्त्यावर जास्त दुकानं बसतात. पुढे मालकांनी प्लॉट उभे चिरले, म्हणून जुनी घरं चिंचोळी. 'पेठेतला प्लॉट' लिहा.

शुद्धमती: प्लॉट?!

साखळीआणे: भूखंड म्हटलं की सिडको आठवते.

मोडीवाला: तिथला ब्रिज स्ट्रीट रुंद का, तेही लिहा. मधोमध दुकानांचे मांडव. आज मांडव, उद्या फळ्या, परवा पक्कं घर. त्यातून 'मिडल रो', म्हणजे मधली रांग, उभी राहिली. ती १९व्या शतकात पाडली, तेव्हा रस्ता मोकळा झाला.

रानजाई: अतिक्रमण नियमित झालं म्हणायचं.

तळटीप: पण मूळ शब्दाचं काय? जागा का वाढली तेही त्यात यायला हवं : उत्तरेला आर्डन या रानाळ भागाचं लाकूड आणि गुरं, दक्षिणेला फेल्डन या शेतीच्या भागाचं धान्य, मध्ये नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडायची उथळ जागा. 'स्ट्रॅटफर्ड' म्हणजेच रोमन रस्त्यावरचा उतार.

खडूस: हे सगळं एका शब्दात बसवायला निघालात तर शब्द फुटेल. त्यापेक्षा 'रॉदर स्ट्रीट'ला 'रॉदर नदीचा रस्ता' छापलंय ते आधी काढा. नदी एव्हन आहे. रॉदर म्हणजे शिंगाची गुरं. तिथे गुरांचा बाजार भरायचा.

शुद्धमती: मग गोहाट?