'संप करून कुणाला काही मिळालेलं नाही' – लेथवाला यांना उत्तर

इंद्रायणीकाठ

काल दुसऱ्या एका धाग्यावर लेथवाला यांनी लिहिलं: "कायम नोकरी म्हणजे सरकारी लाड. जगभर माणसं कंत्राटावरच राबतात. संप करून आजवर कुणाला काही मिळालेलं नाही, ८२ सालच्या गिरण्या आठवा. परवडत नसेल त्यानं सोडून जावं." वाचल्यापासून डोकं तापलंय. तिथे चार ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा धागा.

माझे वडील चाकणच्या एका कारखान्यात चौदा वर्षं एकाच लाइनवर आहेत. मशीन तेच, जेवणाची सुट्टी तीच. घरी दुधाच्या रिकाम्या पिशवीत त्यांची पाच ओळखपत्रं ठेवलेली आहेत. पहिल्या तिन्हींवर फोटो एकच, मिशी काळी होती तेव्हाचा. ठेकेदाराचं नाव मात्र पाचही कार्डांवर वेगळं, आणि रुजू झाल्याची तारीखही वेगळी. ठेकेदार बदलला की वडील पुन्हा 'नवीन' होतात. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात, ती एकाही कार्डावर भरत नाहीत. शेजारच्या मशीनवरचा कायम कामगार तोच पार्ट काढतो आणि तिप्पट पगार घेतो.

आता 'जगभर'चं बघू. अमेरिकेत १९९७ च्या ऑगस्टमध्ये यूपीएस या पार्सल कंपनीचे १,८५,००० कामगार पंधरा दिवस संपावर होते. पगारवाढ होतीच, पण मुख्य भांडण अर्धवेळ नोकऱ्यांवरून होतं. संप मिटला तेव्हा कंपनीने १०,००० नव्या पूर्णवेळ जागा कबूल केल्या. ज्या देशाचं उदाहरण तुम्ही लोक सतत देता, तिथली ही गोष्ट आहे.

इतकं लांब जायचं नसेल तर मुंबईला या. महापालिकेचा कचरा उचलणारे कंत्राटी कामगार, त्यातले बहुतेक दलित. कंत्राटी कामगार कायदा तेव्हा वीस माणसांपासून लागू होत होता, म्हणून पालिकेने कामाचे असे बारीक तुकडे पाडले की एकेका ठेकेदाराकडे वीसच्या आतच माणसं राहावीत. पुढे तर त्यांना 'स्वयंसेवक' म्हटलं गेलं आणि मजुरीला 'मानधन'. हातमोजे नाहीत, प्यायला पाणी नाही, गाडीवर ओल्या कचऱ्यात उभं राहायचं आणि कागदावर म्हणे समाजसेवा! मिलिंद रानडे यांच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने हे वर्षानुवर्षे लढवलं. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने २,७०० कामगारांच्या बाजूने निकाल दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. हे काहीच मिळालं नाही?

राहिला ८२ चा गिरणी संप. तो नुसता पगाराचा होता असं सगळे धरून चालतात. 'बदली' कामगार कुणाला आठवतो का? पाळीच्या वेळी गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत घेणार, नाहीतर घरी परत. अशी वर्षं काढलेली माणसं त्या संपात होती आणि बदलींना कायम करा ही मागणीसुद्धा होती. संप हरला म्हणून मागणी चूक ठरत नाही.

लेथवाला

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तरही ऐका. भोसरीत माझं वर्कशॉप आहे, बावीस माणसं. मोठी कंपनी महिन्याचं शेड्यूल देते आणि शुक्रवारी संध्याकाळी फोनवर निम्मं करते. पैसे नव्वद दिवसांनी, कधी एकशेवीस. एप्रिल २०२० मध्ये देशात गाड्यांची विक्री शून्यावर आली होती. मे महिन्याचा पगार मी एक व्हीएमसी मशीन विकून केला. त्या वेळी कुठली युनियन विचारायला आली नाही, 'शेठ, तुमचं कसं चाललंय?' मला ऑर्डरची कायम हमी कुणी देत नाही, मग मी नोकरीची कायम हमी कुठून देऊ?

यूपीएसचं अर्धंच सांगितलंत. त्याच कंपनीने २०२५ मध्ये २०,००० नोकऱ्या कमी करणार असं जाहीर केलं.

आणि खरा प्रश्न तुम्ही टाळलाय. तुमच्या वडिलांच्या कारखान्यात कायम कामगारांची युनियन आहे ना? तिनं चौदा वर्षांत काय केलं? दर तीन वर्षांनी करार होतो, कायम माणसाला दहा-पंधरा हजारांची वाढ मिळते, गेटवर गुलाल उडतो. कंत्राटी पोरांच्या हातावर एक पेढा! कायम लोकांचे पगार परवडावेत म्हणूनच मालक कंत्राटी भरतात आणि युनियनच्या पुढाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. आधी स्वतःचं घर झाडा.

आणि त्या माथाडीवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको.

सरळसोट

लेथवाला +१. पेढ्याचं शंभर टक्के खरं. मी तो पेढा खाल्लाय.

तुर्भेकर

का बोलायला नको? बोलाच. माझा बाप पाटणहून आला आणि मसाला मार्केटला एकतीस वर्षं पाठीवर पोती वाहिली. मानेखाली गाठ होती लिंबाएवढी, उताणं झोपता यायचं नाही. आम्ही तीन भावंडं शिकलो ती त्या गाठीवर.

लेथवाला

तुमच्या वडिलांना नमस्कार. मी त्यांच्याबद्दल बोलत नाहीये. माल माझा, टेम्पो माझा, फोर्कलिफ्ट माझी, ती चालवणारा पोरगा माझ्या पगारावरचा. तरी गेटवर पाच जण पांढरे शर्ट घालून उभे राहतात: "वाराई द्या", म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी. एका पोत्याला हात लावत नाहीत. नाही म्हटलं तर गाडी आत येत नाही. २०१८ मध्ये मी चार तास माझ्याच गेटबाहेर उभा होतो. याला कामगार चळवळ म्हणायचं?

तुर्भेकर

त्याला खंडणी म्हणायचं आणि पोलिसात जायचं. चार गुंडांनी पावतीपुस्तक छापलं म्हणून माथाडी बदनाम? बोगस डॉक्टर निघाला तर दवाखाने बंद करता का तुम्ही?

लेथवाला

पोलिसात गेलो होतो. पुढचं इथे लिहीत नाही.

सरळसोट

चाकण, रांजणगाव, कुठेही जा, हीच रड आहे. युनियन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हेच येतं.

तुर्भेकर

तुमच्या डोळ्यांपुढे येतं! माझ्या डोळ्यांपुढे बापाचं हजेरी कार्ड येतं. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र केलं तेव्हा हमालाला मालकच नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. व्यापारी म्हणणार, 'हा माझा नोकर नाही', आणि एका अर्थी ते खरंही होतं. मग १९६९ चा माथाडी कायदा झाला. बोर्ड आलं. हमाल बोर्डाकडे नोंदलेला, टोळी नोंदलेली, व्यापारीही नोंदलेला. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा रक्कम, बोर्डात भरायची, बोर्डाने त्यातून हमालाचा पगार, पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी द्यायची. माझ्या बापाला एक दिवस 'कायम मालक' मिळाला नाही, पण निवृत्त झाला तेव्हा हातात पैसे होते. पोती उचलणाऱ्या अडाणी माणसाला! तुमच्या चकचकीत कारखान्यात चौदा वर्षं राबलेल्या माणसाला ते मिळत नाहीत, आणि नावं ठेवताय माथाडीला.

इंद्रायणीकाठ

विनंती आहे, माथाडीवर वेगळा धागा काढा. इतके प्रतिसाद झाले, मूळ विषय बाजूलाच राहिला.

कलमबहाद्दर

बाजूला कुठे राहिला? तुर्भेकरांनी तोच तर सांगितला. मालक सापडत नाही तेव्हा काय करायचं, याचं उत्तर या राज्याने १९६९ मध्ये दिलं होतं. राजस्थानने २०२३ मध्ये ॲपवर काम करणाऱ्यांसाठी कायदा केला, त्याचा सांगाडाही हाच आहे: कामगारांची नोंदणी, कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क. आपण ज्याला गुंडगिरी म्हणून हिणवतो, त्याच्या मूळ कल्पनेवर दुसरी राज्यं कायदे करतायत.

धागाकर्तीला मात्र एक सांगतो. कचरा कामगारांचा निकाल सगळ्यांना लागू पडेल अशा भ्रमात राहू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या स्टील ऑथॉरिटी खटल्यातल्या निकालानंतर कंत्राट पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाही. कंत्राट हा नुसता बुरखा होता, हे सिद्ध करावं लागतं. हजेरी कोण घेतं, काम कोण वाटून देतं, रजा कोण मंजूर करतं, असे पुरावे लागतात. ते एकेकट्या कामगाराला कधीच गोळा करता येत नाहीत, म्हणून संघटना. आणि निकालानंतरही काहींच्या नावाचं स्पेलिंग कागदोपत्री जुळेना म्हणून त्यांची प्रकरणं पुन्हा वर्षानुवर्षे अडकली. कंत्राटी कामगार कायद्यातली वीसची मर्यादाही आता पन्नासवर गेलीय. म्हणजे लेथवाल्यांच्या बावीस माणसांना तो कायदा लागूच नाही.

दक्षिणगोलार्ध

इतके दिवस नुसती वाचत होते, पण 'जगभर असंच असतं' वाचून राहवलं नाही. २०१४ मध्ये मी शिकायला ऑकलंडला आले आणि एका फास्टफूडच्या दुकानात लागले. करारात तासच लिहिलेले नव्हते. रविवारी रात्री मागच्या दाराजवळ रोस्टर, म्हणजे कुणाला किती तास काम याची यादी, लावायचे, मग कळायचं या आठवड्यात वीस तास की चार. एकदा तळणाच्या तेलाने मनगट भाजलं म्हणून मी मॅनेजरशी वाद घातला. पुढच्या रविवारी माझ्या नावापुढे तीन तास होते. मला कुणी काढलं नाही, बोललं नाही, फक्त तीन तास लिहिले. त्या आठवड्यात खोलीचं भाडं मैत्रिणीने भरलं.

युनाइट नावाच्या युनियनने यावर मोहीम चालवली. २०१५ मध्ये मोठ्या फास्टफूड साखळ्या एकामागून एक नमल्या आणि १ एप्रिल २०१६ पासून कायद्यानेच असे करार बंद झाले. सरकार उजव्या पक्षाचं होतं, तरी कायदा संसदेत एकमताने झाला. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. कमी तासांचे करार आजही देतात. पण जेवढे तास करारात लिहिलेत तेवढे द्यावे लागतात. ज्यांनी रोस्टरसमोर उभं राहून पोटात गोळा आलेला अनुभवलाय, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

सरळसोट

आणि स्पेन? डिलिव्हरी बॉय कंपनीचेच कामगार धरा म्हणून २०२१ मध्ये कायदा केला आणि डिलिव्हरू गाशा गुंडाळून गेली. गेल्या ना नोकऱ्या? मी स्वतः सात महिने, मग ब्रेक, मग पुन्हा सात महिने असं केलंय. कायम नोकरीचा दावा करता येऊ नये म्हणून २४० दिवस भरू देत नाहीत, माहितीये मला. पण काहीच नसण्यापेक्षा सात महिने बरे. उपदेश करणाऱ्यांनी ब्रेकमधले पाच महिने कधी काढून बघावेत.

इंद्रायणीकाठ

सरळसोट, ते पाच महिने आमच्या घरानेही काढलेत. तेव्हा आई मेसचे डबे करायची. 'उपदेश' हा शब्द मागे घ्या.

स्पेनमधून डिलिव्हरू गेली, ग्लोवो राहिली. तीही आधी कायद्याला वळसे घालत होती. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तिने जाहीर केलं की रायडर आता पगारावर घेणार. एक कंपनी गेली एवढंच बघून कायदा फसला म्हणायचं का?

सरळसोट

शब्द मागे. मत नाही.

इंद्रायणीकाठ

लेथवाला, तुमच्या पेढ्याच्या मुद्द्यावर मी दोन दिवस गप्प होते, कारण तो खरा आहे. मागच्या करारानंतर वडिलांनी आणलेला पेढा आईने खाल्ला नाही. युनियनच्या एका पदाधिकाऱ्याला मी स्वतः जाऊन विचारलं. ते म्हणाले, "ताई, आमच्या घटनेत कंत्राटी सभासद बसत नाही." घटना लिहिली कुणी? माझा राग मालकाइतकाच त्यांच्यावरही आहे.

पण सगळ्या युनियन तशा नसतात. मानेसरला मारुतीत २०११ च्या ऑक्टोबरमध्ये कंत्राटी पोरांना परत घ्या म्हणून कायम कामगार कारखान्यातच बसून राहिले होते. त्यांची स्वतःची नोकरी शाबूत होती तरी बसले. युनियन कशी असावी असं मला कुणी विचारलं, तर मी हे सांगेन. तुम्ही म्हणता युनियन नकोच. मी म्हणते, ज्या युनियनमध्ये माझ्या वडिलांना जागा नाही ती अर्धी आहे, ती पुरी करा.

आणि तुमची ऑर्डर निम्मी करणारी ती मोठी कंपनी आणि माझ्या वडिलांचं कार्ड बदलणारी कंपनी, दोघी एकच खेळ खेळतायत. जोखीम खाली ढकलायची. ती तुमच्यावर येते, तुम्ही ती पोरांवर ढकलता.

लेथवाला

शेवटचं वाक्य झोंबलं. पूर्ण मान्य करणार नाही, कारण मी ढकलली नाही तर माझा धंदा बसतो आणि बावीसच्या बावीस घरी जातात. पण ती वरून खाली येते, एवढं खरंय. माझ्याकडे नऊ जण दहा वर्षांच्या वरचे आहेत, सगळे माझ्या थेट पगारावर, मध्ये ठेकेदार नाही. हेही लिहून ठेवा.

एक विचारतो. वडिलांची पाच कार्डं म्हणालात. पाचही ठेकेदारांनी पीएफ भरलाय का?

इंद्रायणीकाठ

चौघांचा दिसतो. दुसऱ्याचा दिसत नाही. २०१४ ते २०१६. तो ठेकेदार आता फोन उचलत नाही.

लेथवाला

त्याच्या मागे लागू नका. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर तो मूळ कंपनीला भरावा लागतो, नियम आहे. लेबर सप्लायवाला पळाला तेव्हा मला स्वतःला अकरा माणसांचा भरावा लागला होता, म्हणून पक्कं माहितीये. त्या दोन वर्षांच्या पगाराच्या स्लिपा आहेत का? नसतील तर बँकेचं पासबुक आणि ते दुसरं कार्ड. त्याच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा, मागच्या बाजूला बहुतेक वेळा कंपनीचा शिक्का असतो. पीएफ ऑफिसला अर्ज द्या. अर्जात ठेकेदाराच्या आधी कंपनीचं नाव लिहा.

इंद्रायणीकाठ

मागे शिक्का आहे. आत्ताच पिशवी काढून पाहिला. पुसट झालाय, पण वाचता येतोय.