शब्दचर्चा : समुद्रातून माणूस ‘वर काढला’ की ‘वर घेतला’?

शब्दवेडी : दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरात विमान पडलं की त्यातल्या माणसांना पाण्यातून परत आणणाऱ्या वेगळ्या स्क्वाड्रन होत्या. त्यांच्यावर लेख लिहितेय आणि शब्दांपाशीच अडलेय. ‘एअर-सी रेस्क्यू’ला सध्या ‘हवाई-सागरी बचाव’ धरलंय. ‘स्क्वाड्रन’ला ‘पथक’ म्हणू का? विमान मुद्दाम पाण्यावर उतरवतात त्याला ‘जलावतरण’ चालेल का? आणि या कामावरच्या विमानाला सगळे ‘डंबो’ म्हणत, त्याचं काय करू?

जुनेपान : ‘जलावतरण’ कृपा करून नको. माझगाव गोदीत नवी युद्धनौका पहिल्यांदा पाण्यात सोडतात, त्याला आपली वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं जलावतरण म्हणत आली आहेत. तो मंगल प्रसंगाचा शब्द आहे. इथे काय चाललंय? मारियाना बेटांवरून निघालेलं बी-२९ हे बॉम्बफेकी विमान सुमारे २,४०० किलोमीटरवरच्या जपानवर बॉम्ब टाकून परत येतंय, इंजिन बंद पडलंय किंवा इंधन संपत आलंय, आणि खाली नुसतं पाणी. तिथे ‘विमान पाण्यावर टेकवलं’ असं सरळ म्हणा. ‘कोसळलं’ म्हटलं तर वैमानिकाच्या हातात काहीच उरलं नव्हतं असा अर्थ होतो. ‘टेकवलं’ म्हटलं की त्याची शेवटची धडपड दिसते.

‘पथक’ही मला पटत नाही. भरारी पथक, ढोल-ताशा पथक. कामापुरती माणसं जमली तरी ते पथक होतं. स्क्वाड्रनला क्रमांक असतो, स्वतःची विमानं आणि स्वतःचे मेकॅनिक असतात. अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाची ‘दुसरी इमर्जन्सी रेस्क्यू स्क्वाड्रन’ मोरोताईसारख्या बेटांवरून कॅटालिना ही पाण्यावर उतरणारी विमानं उडवायची. तिला तुम्ही स्क्वाड्रनच म्हणा, वाचकाला कळतं.

‘डंबो’ मात्र हात न लावता ठेवा. डिस्नेच्या १९४१ च्या चित्रपटातल्या, कानांनी उडणाऱ्या हत्तीच्या पिल्लाचं ते नाव. कॅटालिना म्हणजे उडती होडीच, संथ आणि बोजड, म्हणून ते तिला चिकटलं. पुढे या कामाला बी-२९ लावली, तेव्हा तिचा ‘सुपरडंबो’ झाला. ती पाण्यावर उतरू शकत नसे. वरून तराफे टाकायची, घिरट्या घालायची आणि जहाजाला किंवा पाणबुडीला ठिकाण कळवायची. काही बी-१७ बॉम्बफेकी विमानांच्या पोटाखाली २७ फुटी लाकडी होडी असे, ती तीन पॅराशूटांवर खाली सोडत.

शब्दवेडी : ‘टेकवलं’ घेतला. पाणबुड्यांचं राहिलं. वैमानिकांना उचलायला किनाऱ्याजवळ थांबणाऱ्या पाणबुड्यांना ‘लाईफगार्ड’ म्हणत. जुहू चौपाटीवरच्या लाईफगार्डला आपण ‘जीवरक्षक’ म्हणतोच, तर ‘जीवरक्षक पाणबुडी’ म्हणू का?

जुनेपान : अगदी म्हणा. टँग या पाणबुडीने एप्रिल १९४४ च्या अखेरीस ट्रुक या जपानी तळाजवळ २२ हवाईसैनिक वाचवले. अमेरिकी पाणबुड्यांनी युद्धभरात असे ५०४ हवाईसैनिक परत आणले. जहाजं बुडवायला बांधलेल्या पाणबुडीला ‘जीवरक्षक’ हे विशेषण लावताना माझा हात क्षणभर थांबतो, पण शब्द खरा आहे.

दर्यावर्दी : मी दापोलीकडचा, घरी दोन पिढ्या मासेमारीच्या. नामांचं तुम्ही छान चालवलंय, मला क्रियापदाबद्दल बोलायचंय. शब्दवेडीताई, तुमच्या मसुद्यात एक वाक्य आहे, ‘कॅटालिनाने नऊ जणांना पाण्यातून वर काढले.’ आमच्याकडे ‘वर काढला’ म्हणजे गेलेला. विहिरीतून काढला, खाडीतून काढला. घरच्यांना निरोप देताना ‘काढला’ ऐकलं की बाई ओटीवरच बसते, पुढचं ऐकत नाही. जिवंत माणसाला आम्ही ‘घेतो’. ‘होडीत घेतला’, ‘वर घेतला’. पोराला कडेवर घेतात, पोटाशी घेतात, तेच घेणं. ‘उचलला’ही नको, उचलतात ती वस्तू, नाहीतर पोलिसांनी.

शब्दवेडी : हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वाक्य कॅव्हिएंगचं आहे. १५ फेब्रुवारी १९४४ ला न्यू आयर्लंड बेटावरच्या त्या बंदरावर हल्ला करताना अमेरिकी विमानं पडली. लेफ्टनंट नॅथन गॉर्डनने कॅटालिना खवळलेल्या पाण्यावर तीनदा उतरवली आणि नऊ जणांना घेतलं. इंजिनं चालू असताना विमान पुढे सरकत राही, त्यामुळे माणसं हाताला लागेनात. तेव्हा त्याने किनाऱ्यावरच्या तोफांसमोर इंजिनं बंद केली. भरलेलं विमान घेऊन तो परत निघाला, तर कळलं की किनाऱ्यापासून साडेपाचशे मीटरवर आणखी एक तराफा आहे. तो वळला, चौथ्यांदा उतरला आणि आणखी सहा जणांना घेतलं. पंधरा जणांसह उडाला. त्याला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

आता ‘घेतले’ लिहून पाहिलं तर बंद इंजिनाचं ते विमान, दारातून बाहेर वाकलेले हात, सगळं त्या एका शब्दात आलं.

जुनेपान : मग एड्रियन मार्क्स या कॅटालिनाच्या वैमानिकाचा प्रसंगही त्याच क्रियापदाने लिहा. ३० जुलै १९४५ ला जपानी पाणबुडीने इंडियानापोलिस ही अमेरिकी क्रूझर युद्धनौका बुडवली. माणसं २ ऑगस्टपर्यंत पाण्यात तरंगत होती आणि कोणाला पत्ताही नव्हता. मार्क्सला उघड्या समुद्रात उतरायची मनाई होती. तरी त्याने कॅटालिना टेकवली. बारा फुटी लाटांच्या आदळण्याने तळाचे रिव्हेट उखडले. आत जागा संपल्यावर उरलेल्यांना पंखांवर घेतलं आणि पॅराशूटच्या दोऱ्यांनी बांधून ठेवलं. असे छप्पन्न जण. विमान परत उडण्याजोगं राहिलं नाही. रात्री सेसिल जे. डॉयल ही युद्धनौका आली आणि त्या सगळ्यांना तिने आपल्यावर घेतलं. क्रूझरवरच्या सुमारे १,१९५ जणांपैकी ३१६ वाचले.

दर्यावर्दी : ‘पंखांवर घेतलं’ बरोबर. ‘बचाव’ नावात राहू द्या, तटरक्षक दलाच्या बातम्यांत ‘शोध व बचाव’ रुळलाय. पण वाक्यात ‘बचाव केला’ लिहू नका, कोर्टात वकील बचाव करतो. ‘वाचवलं’ लिहा.

शब्दवेडी : संपूर्ण लेख पुन्हा चाळला. ‘वर काढले’ आठ ठिकाणी होतं. सात ठिकाणी ‘घेतले’ केलं. आठव्या ठिकाणी, इंडियानापोलिसच्या प्रसंगात, नंतर आलेल्या जहाजांना सापडलेल्या मृतदेहांचं वाक्य आहे. ते पाण्यातून वर काढून त्यांना समुद्रातच मूठमाती दिली. तिथे ‘काढले’ तसंच ठेवलंय.

दर्यावर्दी : तेवढं ठेवा. फक्त ‘मूठमाती’ नको, तिथे माती कुठली. ‘समुद्राच्या स्वाधीन केले’ करा.