५२ पाउंडाच्या धनुष्याला कुठला मेकॅनिकल ब्रॉडहेड झेपेल?

काजळीकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळचा रत्नागिरीजवळचा, गेली अकरा वर्षं मिशिगनमध्ये, ग्रँड रॅपिड्सच्या उत्तरेला राहतो. इथलं हंटर सेफ्टीचं प्रशिक्षण घेतलं, लायसन्स काढलं आणि तीन मोसम झाले, १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर धनुष्य घेऊन व्हाइटटेल हरणांसाठी बसतो. पहिल्या दोन वर्षांत दोन माद्या मिळाल्या. दोन्ही वेळा बाणाला फिक्स्ड ब्लेडचं टोक (ब्रॉडहेड) होतं, म्हणजे पाती कायम उघडी असलेलं, तीन पात्यांचं, सव्वा इंचाच्या जरा आतलं.

गेल्या वर्षी मी मेकॅनिकलकडे वळलो, म्हणजे उडताना पाती मिटलेली आणि लागल्यावर उघडणारी अशा टोकाकडे. दुकानात सांगितलं की दोन इंचाचं भोक पडतं, रक्ताचा माग आंधळ्यालाही दिसेल. ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी अठरा फुटी लॅडर स्टँडवर (झाडाला टेकवलेल्या शिडीच्या मचाणावर) बसलो होतो. मादी अठरा यार्डांवर आली, छाती थोडी माझ्याकडे वळलेली. मी बाण सोडला. आवाज आला तो ओल्या फळीवर काठी मारावी तसा. ती पळाली. शंभरेक पावलांवर अर्धा मोडलेला बाण मिळाला, पाचच इंच आत गेलेला. टोक हातात घेऊन टॉर्चखाली पाहिलं, तर एक पातं उघडलेलं आणि वाकलेलं, दुसरं तसंच मिटलेलं. त्याच्यावर पांढुरके दोन केस चिकटले होते. रक्त सव्वाशे यार्डांपर्यंत थेंबाथेंबाने गेलं आणि एका ओढ्याशी संपलं. दुसऱ्या दिवशी पट्ट्यावरचा माग काढणारा कुत्रा घेऊन एक गृहस्थ आले, चार तास हिंडलो. ती सापडली नाही. हे लिहितानाही पोटात कालवतं.

माझं सामान असं: ड्रॉ वेट, म्हणजे दोरी ताणायला लागणारा जोर, ५२ पाउंड (खांद्याचं दुखणं आहे, याहून वर जाणार नाही), ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागे येते ते) २७ इंच, १०० ग्रेनच्या टोकासकट बाण ३८५ ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं लहान माप), क्रोनोग्राफवर (वेगमापकावर) वेग २४० फूट प्रति सेकंद.

मेकॅनिकल वापरावं का? वापरलं तर पुढून उघडणारं की मागून? किती रुंद? आणि पुढच्या सप्टेंबरला एक मित्र कोलोरॅडोत एल्कसाठी (हरणाच्याच कुळातलं, पण खूप मोठं जनावर) बोलावतोय. तिथे हेच सामान चालेल का?

---

पोकोनो_पायवाट

काजळीकाठ, हरीण हरवल्याचं उघड लिहिलंत म्हणून तुम्हाला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं. मी पेन्सिल्व्हेनियात १९९८ पासून बाणाने शिकार करतो. माझ्या हातूनही दोन हरणं अशी गेली आहेत. दोन्ही जागा मला आजही दाखवता येतील.

आधी हिशेब करू, टोक शेवटी. बाणाचं वजन ग्रेनमध्ये घ्या, वेगाच्या वर्गाने गुणा, ४,५०,२४० ने भागा. ही बाणाची ऊर्जा. तुमची येते साधारण ४९ फूट-पाउंड. बाण बनवणाऱ्या ईस्टन कंपनीच्या प्रसिद्ध तक्त्यात हरणासाठी २५ ते ४१ आणि एल्क, काळं अस्वल, रानडुक्कर यांच्यासाठी ४२ ते ६५ असे आकडे आहेत. म्हणजे कागदावर तुम्ही एल्कच्या घरात बसता. पण हा तक्ता टोकाचा विचार करत नाही. मेकॅनिकलची पाती उघडायला लागणारं बळ याच ४९ मधून जातं, आणि पातं जितकं रुंद तितकं कातडं, मांस, बरगडी कापायला आणखी खर्च होतं.

रुंदीच्या आकड्याने फसू नका. तीन पात्यांचं सव्वा इंचाच्या जरा आतलं, म्हणजे १ १/८ इंचाचं फिक्स्ड घ्या. प्रत्येक पातं मध्यापासून ९/१६ इंच, तिन्ही मिळून कापाची लांबी होते १.७ इंचाच्या आसपास. दोन पात्यांचं दोन इंची मेकॅनिकल कापतं दोन इंच. तीन पात्यांचं दोन इंची कापतं तीन इंच. जाहिरातीत या शेवटच्या दोन्हींवर 'दोन इंच' एवढंच लिहिलेलं असतं, पण बाणाला करावं लागणारं काम दीडपट आहे. तुमचं टोक यांपैकी कुठलं होतं?

आता पातं का मिटलेलं राहिलं ते. तुमचं वर्णन पुढून उघडणाऱ्याचं वाटतं. त्यात पात्यांची टोकं पुढे असतात आणि लागल्यावर ती मागे उलटतात, कोकणातल्या वाऱ्यात छत्री उलटते तशी. समोरून सरळ लागलं तर दोन्ही बरोबर उलटतात. तिरकं लागलं की एका बाजूचं पातं आधी टेकतं, ते टेकू बनतं आणि बाणाचं शेपूट बाजूला फेकतं. सगळा जोर एका रेषेत राहायला हवा, तो तिथेच फुटतो. मागून उघडणाऱ्यात पाती मागे सरकत सरकत बाहेर येतात, त्यामुळे आत शिरतानाच पूर्ण रुंदीचा काप पडतो आणि तिरक्या माऱ्यात टोक कमी भरकटतं. माझं मत स्पष्ट आहे: ६० पाउंडाखाली पुढून उघडणारं वापरू नये.

तरी दोष सगळा टोकावर टाकू नका. छाती तुमच्याकडे वळलेली असताना अठरा फुटांवरून मारलेला बाण खांद्याच्या हाडातूनच जाणार होता. तिथे फिक्स्ड असतं तर कदाचित आठ इंच गेलं असतं. कदाचितच. प्रौढ हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून छोट्या ताटलीएवढी जागा, आठ इंचांची. ती हरीण आडवं उभं असताना किंवा पाठ थोडी तुमच्याकडे असताना उघडी पडते. तोंड तुमच्याकडे असलं की बाण सोडायचा नाही. मादी अजून चार पावलं चालते, थांबायचं.

मेकॅनिकलच्या बाजूनेही प्रामाणिकपणे सांगतो. मेरीलँडमधल्या इंडियन हेड नौदल तळावर १९८९ पासून शिकाऱ्यांकडून लागलेल्या प्रत्येक बाणाची नोंद घेतली जात होती. फिक्स्डने लागलेली ८२ टक्के हरणं सापडली, मेकॅनिकलने लागलेली ९१ टक्के. हा फरक लहान नाही. पण ती मंडळी नेमबाजीच्या चाचणीतून गेलेली होती आणि कुणाच्या हातात किती पाउंडाचं धनुष्य होतं, हे त्या दोन आकड्यांतून कळत नाही. मोठं भोक, मोठा माग, हे खरंच आहे. ज्याच्याकडे सत्तर फूट-पाउंड आहेत त्याने खुशाल दोन इंची लावावं. तुमच्याकडे ४९ आहेत.

तर माझी निवड: दोन पात्यांचं, मागून उघडणारं, दीड इंची, १२५ ग्रेनचं. सेव्हरचं दीड इंची याच जातीचं आहे, इतर कंपन्यांचीही मिळतात. बाण जरा जड करा, ४५० ग्रेनपर्यंत न्या. वेग २२४ च्या आसपास उतरेल, ऊर्जा जवळपास तेवढीच, ५० फूट-पाउंड. पण संवेग ०.४१ वरून ०.४५ वर जातो, आणि हाडाशी गाठ पडली की तोच कामाला येतो.

जड बाण हळू जातो म्हणून लोक घाबरतात. तीस यार्ड म्हणजे ९० फूट. २४० च्या बाणाला ०.३८ सेकंद लागतात, २२४ च्या बाणाला ०.४०. दोरीचा आवाज हरणापाशी ०.०८ सेकंदात पोचतो. म्हणजे दोन्ही बाबतीत हरणाला खाली बसून उडी घ्यायला तीन दशांश सेकंद मिळतातच. उपाय वेग वाढवण्यात नाही, जवळ येऊ देण्यात आहे. मी पंचवीस यार्डांपलीकडे मारत नाही.

---

साताऱ्याची_तिरंदाज

मी शिकार करत नाही, टार्गेटची खेळाडू आहे. पण कंपाउंड धनुष्य रोज हातात असतं म्हणून एका गोष्टीवर लिहिते. आमच्या साताऱ्यात २०२३ नंतर, अदिती स्वामी आणि ओजस देवतळे बर्लिनला जगज्जेते झाल्यापासून, पोरं रांगेत उभी आहेत. नवीन पोराला आम्ही आधी ट्यूनिंग, म्हणजे बाण सरळ निघेल असं धनुष्य जुळवणं, शिकवतो.

मेकॅनिकल टोक मिटलेलं असताना साध्या फील्ड पॉइंटसारखं (सरावाच्या, बिनपात्यांच्या टोकासारखं) उडतं, म्हणून शिकारी लोकांना आवडतं असं वाचलं. मला यातच धोका दिसतो. बाण वाकडा निघत असला तरी ते टोक तुम्हाला सांगत नाही. लक्ष्यावर लागतो बरोबर, पण शेपूट बाजूला ठेवून. असा बाण मांसात शिरला तर मागचा जोर सरळ रेषेत लागत नाही. ५२ पाउंडावर ही चैन परवडणार नाही.

सहा फुटांवरून कागदातून बाण मारा. पिसांच्या भोकाच्या मधोमध टोकाचं भोक यायला हवं. मग तुमचं जुनं फिक्स्ड लावून वीस यार्डांवर मारा, शेजारी फील्ड पॉइंट मारा. फिक्स्ड डावीकडे जात असेल तर रेस्ट (धनुष्यावर बाण टेकतो तो आधार) उजवीकडे सरकवा, म्हणजे ज्या बाजूला फील्ड पॉइंट लागतायत त्या बाजूला. एका वेळी १/३२ इंच, जास्त नाही. दोन्ही एकाच मुठीएवढ्या जागेत लागायला लागले की धनुष्य जुळलं. त्यानंतर हवं ते टोक लावा. आणि बाण ४५० ग्रेनचा करणार असाल तर स्पाइन (बाणाचा ताठपणा) पुन्हा बघा. पुढचं वजन वाढलं की तोच बाण मऊ वागतो.

---

गोदातीर

मला यातलं काही कळत नाही, पण एक विचारतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार बंद आहे. तिकडे परवानगी आहे म्हणून करावंच का?

---

काजळीकाठ

प्रश्न रास्त आहे. मी गावी असतो तर केली नसती आणि करू देतही नसतो. इथे आमच्या रस्त्यावर दर हिवाळ्यात गाडीखाली आलेली हरणं मी मोजत नाही, एवढी असतात. लांडगे या भागात नाहीत. राज्य दरवर्षी किती परवाने द्यायचे ते ठरवतं. घरात वर्षभर हेच मांस शिजतं, बायको त्याचं सुकं करते, खोबरं भाजून. ज्या दिवशी ते खायचं थांबवेन त्या दिवशी धनुष्य खाली ठेवेन. म्हणूनच त्या मादीचं वाया जाणं इतकं लागतं.

पोकोनो काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: तीन पात्यांचं होतं, पुढून उघडणारं, दोन इंची. म्हणजे मला दिसली ती दोन पाती उरलेली, तिसरं हाडापाशीच तुटून पडलं असणार. दुकानात हे काहीच सांगितलं नव्हतं.

---

अस्पेनछाया

एल्कबद्दल मी लिहिते. डेन्व्हरजवळ राहते, माझं ड्रॉ वेट ४८ आहे, म्हणजे तुमच्याहूनही कमी. कोलोरॅडोचा नियम किमान ३५ पाउंड आणि ७/८ इंच रुंदीचा आहे, त्यात तुम्ही बसता. पण नियमात बसणं वेगळं. बैल एल्क सातशे पाउंडांपर्यंत जातो, तुमच्या मादीच्या पाचपट. पुढच्या खांद्यावर चिखल वाळून चामड्याला पापुद्रा धरलेला असतो, बरगडी माझ्या अंगठ्याहून रुंद. तिथे मी मेकॅनिकल लावत नाही, अजिबात नाही. दोन पात्यांचं फिक्स्ड, टेकताक्षणी कापणारं, सव्वा इंचाच्या आतलं. बाण ४७० ग्रेनचा.

धार बघायची रीत सांगते. वर्तमानपत्राचा एक पदर हातात लटकता धरा, पातं नुसतं वजनाने खाली सोडा. कागद आवाज न करता कापला गेला पाहिजे. फाटला तर पातं बदला. नवीन पाकिटातलं टोकही मी असंच तपासते, चारातलं एक तरी परत घासावं लागतं.

---

पोकोनो_पायवाट

अस्पेनछाया यांच्याशी पूर्ण सहमत. काजळीकाठ, एल्कला फिक्स्डच न्या. बाण किती आत शिरतो याचा अभ्यास केलेल्या डॉ. अ‍ॅशबी यांच्या मते जड हाडासाठी बाण ६५० ग्रेनच्या पुढे हवा. ५२ पाउंडावर तो फार मंद होईल, तेवढं ताणू नका. हाड टाळा.

तिसऱ्या पात्याचं कळलं, आता सगळं जुळतं. तीन इंचांचा काप, तिरका मारा आणि ४९ फूट-पाउंड.

अजून एक राहिलं. बाण लागल्यावर स्टँडवरून लगेच उतरू नका. बाण उचलून वास घ्या, रंग बघा. गुलाबी, फेसाळ, बुडबुडे असलेलं रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबा. कोकमाच्या आगळासारखं काळपट असेल तर यकृत, चार तास. हिरवट आणि आंबूस वास आला तर पोट, आठ ते बारा तास, रात्र असली तर सकाळपर्यंत. तुम्ही त्या संध्याकाळी किती वेळाने निघालात?

---

काजळीकाठ

वीस मिनिटांनी. ओढ्यापाशी मीच तिला उठवलं असणार, तिथे पानं दाबलेली होती, कुणी बसून गेल्यासारखी. हे आत्तापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

काल कागद लावून बाण मारले. फाट सव्वा इंच डावीकडे. म्हणजे गेला पूर्ण मोसम मी वाकडा बाण मारत होतो आणि फील्ड पॉइंट मला काही सांगत नव्हते. रेस्ट चार वेळा सरकवली, आता भोक जवळपास गोल पडतंय. १२५ ग्रेनची दीड इंची, मागून उघडणारी तीन टोकं मागवली आहेत, त्यातलं एक फक्त सरावासाठी. ती येईपर्यंत जुन्या फिक्स्डवर वीस यार्डांचा सराव चालू ठेवतो. साताऱ्याच्या ताई, नवीन बाणांचं स्पाइन ठरवताना पुन्हा त्रास देईन.

---

साताऱ्याची_तिरंदाज

द्या की. बाणाची कापलेली लांबी आणि धनुष्याच्या कॅमचा (टोकांवरच्या चाकांचा) प्रकार तेवढा लिहून ठेवा.