रे: शेडपर्यंत वायर न्यायचीय, कोणी केलंय का?

नमस्कार मंडळी,

लिस्टवर असले प्रश्न विचारावेत की नाही माहीत नाही, पण विचारतोच. बागेच्या पार टोकाला आमची लाकडी शेड आहे, घराच्या मागच्या भिंतीपासून टेप लावून मोजलं तर २५ मीटर भरलं. आतापर्यंत एक्स्टेन्शनची रीळ खिडकीतून बाहेर काढून काम भागवत होतो, पण गेल्या आठवड्यात तिथे २ किलोवॅटचा हीटर लावला आणि तासाभराने रीळ उचलायला गेलो तर हाताला चटका. अर्धी वायर गुंडाळलेलीच होती. बायकोने त्याच क्षणी रीळ जप्त केली.

तर आता कायमची वायर टाकायचीय. घराचं काम झालं तेव्हाची करडी चपटी वायर उरलीय, २.५ ची (म्हणजे चौरस मिमी). ती कुंपणाला क्लिपा मारून नेऊ का, की वीतभर चर खणून पुरून टाकू? खणायला मी तयार आहे. शेडमध्ये दोन दिवे, ड्रिल, हिवाळ्यात तो हीटर, बस.

— शेडवाला

*

शेडवाले भाऊ,

दोन्ही नको. आधी माझी कर्मकहाणी ऐका म्हणजे का नको ते कळेल.

हे घर घेतलं त्या पहिल्याच वसंतात मी वाफ्यात गुलाबाचं झुडूप हलवायला गेलो. फावडं मारलं, कच्च असा आवाज आला, मला वाटलं मूळ तुटलं. दुसऱ्यांदा पाय देऊन दाबलं तर घरातून एकदम ओरडा, लाईट गेली म्हणून. वाकून बघतो तर तुमच्याकडे आहे तसलीच करडी वायर, जेमतेम वीतभर खोल, वरचं आवरण चिरलेलं आणि आत तांबं चकचकतंय. आरसीडी, म्हणजे वीज भलतीकडे गळली की सप्लाय तोडणारा स्विच, पडला म्हणून हे लिहायला मी शिल्लक आहे. मग ती वायर कुठे जाते ते बघत बघत उकरत गेलो तर पुढे झुडपाखाली चक्क एक जोड, काळी चिकटपट्टी गुंडाळलेला, पट्टी सुटून आलेली आणि आतलं तांबं हिरवं पडलेलं. आधीच्या मालकाने ती कधी पुरली देव जाणे. त्याला माहीत होतं ती कुठून गेलीय, मला नव्हतं, सगळी गोम इथेच आहे हो. वायर पुरणारा आणि फावडं मारणारा हे दोघे सहसा वेगळे असतात, आणि एकच असले तरी दहा वर्षांनी आपल्याला तरी काय आठवतं.

म्हणून आर्मर्ड केबल घ्या. तीन कोर, वरून पोलादी तारांचं चिलखत आणि त्यावर जाड काळं आवरण. जड असते, वेटोळं उलगडताना अंगावर येते, एकट्याने ओढू नका. करडी वायर घराच्या आतली आहे, उन्हाने तिचं आवरण तडकतं आणि मातीतली ओल तिला सोसत नाही. आणि कुंपणाचं म्हणाल तर ते वाऱ्याने हलतं, कुजतं, आणि कधीकधी शेजाऱ्याचं निघतं!

चर मी ६० सेंमी खोल घेतला. नियम जागोजागी वेगळे असतात, तेव्हा तुमच्या इलेक्ट्रिशियनला आधी विचारा, पण मी म्हणेन जिथे भाजीचे वाफे आहेत किंवा पुढेमागे होतील तिथे कंजूषपणा नको. तळाला बोटभर चाळलेली वाळू, त्यावर केबल सैलसर, नागमोडी, ताणून नाही, वर परत वाळू, मग माती, आणि वरून वीतभर खाली राहील अशी ती पिवळी इशारापट्टी. पट्टी केबलच्या अंगावर टाकून उपयोग नाही, फावडं आधी पट्टीला लागलं पाहिजे. आणि खणायच्या आधी गॅस, पाणी, टेलिफोन कुठून जातात ते संबंधित कंपन्यांकडून काढून घ्या, हे विसरलात तर माझ्यापेक्षा भारी कहाणी तुमच्याकडे तयार होईल.

खणायला तयार आहात म्हणालात म्हणून सांगतो, २५ मीटर लांब, ६० सेंमी खोल आणि २० सेंमी रुंद म्हणजे ३ घनमीटर माती. चार टनांच्या वर. कंबरेला आधी विचारा.

— गुलाबवाले काका

*

काकांचं सगळं बरोबर, फक्त हिशोबाचं मी सांगते, याच धंद्यात असल्यामुळे राहवत नाही.

भावजी, जाडी अंदाजाने घेऊ नका. तांब्याच्या २.५ चौरस मिमी केबलमध्ये जाऊन-येऊन मिळून दर मीटरला दर अँपिअरमागे साधारण १८ मिलिव्होल्ट गळतात. १६ अँपिअर धरले तर २५ मीटरला ७.२ व्होल्ट, म्हणजे २३० च्या तीन टक्क्यांहून किंचित जास्त. १.५ ची घेतली तर पाच टक्के, हीटर लावला की दिवे मिणमिणणार. ४ ची घेतली तर दोन टक्क्यांच्या आत. आज दोन दिवे आणि ड्रिल म्हणताय, उद्या लेथ आणाल, सगळे आणतात. चर दुसऱ्यांदा कोणी खणत नाही, म्हणून ४ घ्या. आणि हे २५ मीटर तुम्ही जमिनीवरून मोजलेत ना? खाली उतरणं, वर चढणं, घरातल्या बोर्डापर्यंतचं अंतर आणि टोकांना थोडी सुटी वायर हे सगळं धरून मगच केबल कापून आणा, जमिनीखाली जोड मारायची वेळ येऊ देऊ नका.

वळवताना काटकोन करू नका, केबलच्या जाडीच्या सहा ते आठपट तरी त्रिज्या ठेवा. केबल आणून ठेवलीत आणि काम पुढच्या आठवड्यात असेल तर कापलेली टोकं टोपी घालून किंवा टेपने घट्ट बंद करा, नाहीतर ओल आत चढते.

टोकांना मात्र हात लावू नका. चिलखताच्या तारा ग्लँडमध्ये (केबलचं टोक बोर्डाला पक्कं धरणारा धातूचा तुकडा) नीट आवळून अर्थ कराव्या लागतात, नाहीतर ते चिलखत नुसतं शोभेचं. घराचं अर्थिंग केबलमधून शेडपर्यंत न्यायचं की शेडपाशी वेगळा रॉड ठोकायचा हे तुमच्या घराला सप्लाय कुठल्या प्रकारचा आहे त्यावर ठरतं, ते मेलवर सांगता येत नाही आणि कोणी सांगितलं तर ऐकू नका. शेडसाठी वेगळी एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे शेडमध्ये काही झालं तर घरातला फ्रीज बंद पडणार नाही. थोडक्यात खड्डा तुम्ही करा, बोर्ड इलेक्ट्रिशियनला करू द्या, आणि त्याने बघेपर्यंत चर बुजवू नका.

— लोडवाल्या वहिनी

*

नुसता दिवाच हवा असेल तर छपरावर छोटं सोलर पॅनेल आणि १२ व्होल्टची बॅटरी, आम्ही तेच केलंय, खणणं नाही काही नाही.

— आळशी मेंबर

*

अहो पण हीटर? २ किलोवॅटचा हीटर १२ व्होल्टवर म्हणजे १६० च्या वर अँपिअर. बॅटरी रडेल.

— लोडवाल्या वहिनी

*

मंडळी,

तीन वीकेंड गेले. ४ ची आर्मर्ड आणली. चर झाला आहे, म्हणजे २२ मीटर झाला आहे, शेवटच्या तीन मीटरमध्ये झाडाचं मनगटाएवढं मूळ आडवं आलंय. कापू का? हिरवळीचे तुकडे चौकोनी कापून ताडपत्रीवर ठेवलेत, रोज पाणी मारतोय, आणि माती दुसऱ्या बाजूला, खड्ड्यातून निघते ती माती परत त्यात कधीच मावत नाही असं दिसतंय. काल पावसाने चर भरला, पोराने त्यात कागदी होड्या सोडल्या. शिवाय शेडमध्ये वायफाय येत नाही, तर त्याच चरात नेटवर्कची वायर टाकू का?

— शेडवाला

*

मूळ कापू नका, हाताने माती काढून खालून केबल सरकवा, खोलीत थोडा फरक पडला तर तेवढ्या भागाला वर फरशी टाका. नेटवर्कची वायर वेगळ्या पाइपातून, पॉवरपासून अंतर ठेवून न्या. त्यात एक नायलॉनची दोरी आत्ताच ओवून ठेवा, पुढे काही ओढायचं झालं तर ती दोरी सोन्यासारखी वाटेल. खर्च झेपत असेल तर फायबर टाका, त्यात धातू नाही म्हणून अर्थिंगची भानगड नाही. शेडमध्ये केबल घुसते ते भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, पाणी आत येत नाही.

आणि बुजवायच्या आधी टेप चरात आडवा ठेवून दर तीन-चार मीटरला फोटो काढा, मागे कुंपणाचा खांब किंवा भिंतीचा कोपरा दिसला पाहिजे, नुसता मातीचा फोटो काय कामाचा. एक प्रिंट काढून बोर्डाच्या दाराला आतून चिकटवा. आमच्याकडे तशीच चिकटवलीय, खाली लाल पेनाने लिहिलंय, गुलाबापाशी फावडं मारू नये.

— गुलाबवाले काका